दारू बारीक की जाड?



धारूर किल्ल्याविषयी छापून आलेल्या पत्रातले ‘दारू जितकी बारीक, तितकी तोफ जबर’ हे विधान चुकीचे आहे. दाणा बाहेरून आत जळत जातो. बारीक दाण्याची दारू झटकन पेटते, म्हणून ती बंदुकीला आणि कानावरच्या, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रावरच्या, रंजकीला योग्य. तोफेत तीच ठासली तर गोळा हलण्याआधीच दाब चढतो, नळी फुटू शकते. तिथे जाड दाणाच हवा. १६३१ मध्ये आझमखानाने मोगलांसाठी हा गड घेतला, हे पत्रात आहे. दारूच्या साठवणीबद्दल मात्र अक्षर नाही. दारूतल्या कच्च्या सोऱ्यातले मीठ हवेतली ओल ओढते. बालाघाटच्या पावसाळ्यात गडकऱ्यांना धास्ती त्याचीच असणार.

— एक वाचक, धारूर