रंगाच्या आधी वायरिंग

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की पैसा आधी दिसण्यावर जातो. रंग, क्रोम, सीटचं कापड, चाकांच्या कॅप. वायरिंगची पाळी येते तोवर हात आखडता झालेला असतो. मग वायरमनला सांगितलं जातं, ‘जिथं तुटलंय तेवढं जोडून द्या.’ गाडी सुरू होते, दिवे लागतात, फोटो निघतात. पुढे कधीतरी उतारावर डिपर मारताना दिवे जातात किंवा डॅशबोर्डाखालून धूर येतो. माझं म्हणणं साधं आहे: खर्चाच्या यादीत वायरिंग रंगाच्या वर असायला हवं. आणि नवा हार्नेस, म्हणजे गाडीभर फांद्या पसरलेला वायरांचा जुडगा, निवडताना गाडी कुठल्या साली बनली याच्या जोडीला ती कुठल्या हवेत राहणार आहे, हेही पाहायला हवं.

जिझानमध्ये ही गोष्ट जितकी चटकन पटते तितकी क्वचितच कुठे पटेल. सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य टोकाचं, तांबड्या समुद्राच्या काठचं हे शहर. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, हवेत दमटपणा आणि वर धुळीचे वारे. जुनं गाव तर मिठाच्याच उंचवट्यावर वसलेलं, म्हणजे खारेपणा वाऱ्यातून येतो तसा जमिनीतूनही येतो. इथून फरसान बेटांकडे फेरीबोटीने गाडी न्यायची, तर चासीला समुद्राचा शिडकावा ठरलेला. उलट दिशेला फैफाचा डोंगर, पायऱ्यापायऱ्यांची शेती आणि पोटात गोळा आणणारी वळणं. या दोन्ही टोकांना टिकून राहिलेली गाडी म्हणजे टोयोटाची लँड क्रूझर. अब्दुल लतीफ जमील यांनी टोयोटाची विक्री सौदीत १९५५ साली सुरू केली. लँड क्रूझरचं एफजे-४० हे मॉडेल १९६० साली आलं आणि १९८४ पर्यंत बनत राहिलं. आज इथल्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, हीच गाडी नव्याने उभी राहताना दिसते. नोकरीनिमित्त इथं आलेल्या आणि या गाडीच्या नादी लागलेल्या आपल्या मंडळींचा नेमका प्रश्न असतो: हार्नेस कुठला घेऊ?

आधी जुन्या वायरला काय होतं ते पाहू. वायरच्या पीव्हीसी वेष्टणात लवचीकपणासाठी मिसळलेलं द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जातं. वेष्टण कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. तडकलेल्या जागेतून किंवा टोकाच्या थिंबलकडून खारट ओल आत शिरते आणि तांब्याच्या बारीक तारांमधून पुढे पुढे सरकत जाते. टोकाला दोन इंच वेष्टण सोलून पाहा. तार काळी किंवा हिरवट निघाली, तर पुढे आणखी सोला. ती तशीच काळी असेल, तर नवं थिंबल लावून काही साधत नाही. काळ्या तारेवर सोल्डर नीट धरत नाही आणि थिंबल दाबलं तरी आतला थर विजेला अडवतोच. अशी गाडी तुकड्यातुकड्याने दुरुस्त करत बसणं म्हणजे प्रत्येक जोडासोबत एक नवी कमजोर जागा तयार करणं. इथल्या हवेत चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या गाडीचा हार्नेस पूर्णच बदलावा, हे माझं ठाम मत आहे.

हेडलाइटचा हिशेब एकदा मांडून पाहावा. डिपरवर ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे, म्हणजे ११० वॉट, बारा व्होल्टला साधारण ९ अँपिअर. रिले नसलेल्या जुन्या गाडीत हा सगळा प्रवाह बॅटरीकडून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत येतो, तिथून डिपरच्या स्विचमधून पुन्हा पुढे दिव्यांकडे जातो. ही वाट पाच मीटर आणि वायर एक चौरस मिलिमीटरची धरली, तर नव्या कोऱ्या तांब्यातही पाऊण व्होल्ट वाटेतच संपतो. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो. बॉनेटखाली सत्तर अंश असतील तर ही गळती जवळपास एक व्होल्टवर जाते. जुन्या स्विचचे जळके संपर्क आणि काळवंडलेली टोकं त्यात आणखी भर घालतात. आणि दिव्याचा व्होल्टेज दहा टक्के घटला की उजेड दहा टक्के घटत नाही, तीस टक्के घटतो. फैफाच्या वळणावर रात्री तो तीस टक्के उजेड हवा असतो.

आता निवडीकडे वळू. पाच वाटा आहेत.

पहिली, तश्लीहमधून म्हणजे भंगारवाड्यातून काढलेला हार्नेस. स्वस्त आणि दिसायला अस्सल. पण तोही याच हवेत तितकीच वर्षं शिजलेला असतो. त्यातून कपलर, होल्डर, रबरी ग्रोमेट घ्यावेत, वायर घेऊ नये. दुसरी, कंपनीचा जुना पण कधीच न वापरलेला माल. अस्सलपणाच्या हौशीत लोक त्यासाठी बरीच रक्कम मोजतात. पण वेष्टणाचं वय गाडीत बसवल्यापासून मोजायचं नसतं. गोदामातल्या घडीतही ते कडक होतच असतं. घडी उलगडताना वायर तडकत असेल, तर तो हार्नेस संग्रहात ठेवावा, गाडीत घालू नये.

तिसरी वाट युनिव्हर्सल संचाची. ठरावीक सर्किटं, नवा फ्यूजबॉक्स, प्रत्येक वायरवर छापलेलं नाव. इंजिन, डायनॅमो सगळंच बदललेल्या गाडीला हा संच सोयीचा पडतो. मूळ गाडीला मात्र त्याचा त्रास होतो, कारण वायरांचे रंग मूळ आराखड्याशी जुळत नाहीत. टोयोटात पांढऱ्यावर काळी रेघ म्हणजे अर्थिंग. ब्रिटिश गाड्यांच्या लुकास पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची लाइन, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची. दहा वर्षांनी दुसरा वायरमन गाडी उघडेल, तेव्हा छापील आराखडा त्याच्या काही कामाचा उरणार नाही.

चौथी वाट म्हणजे मूळ नमुन्याबरहुकूम नव्याने बनवलेला हार्नेस. नॉटिंगहॅमजवळच्या ऑटोस्पार्क्ससारख्या संस्था जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी हे काम करतात. अमेरिकेतही असे कारागीर आहेत. ही वाट उत्तम, पण मागणी नोंदवताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. एफजे-४० मध्ये वर्षागणिक जोडण्या बदलत गेल्या, म्हणून बनावटीचं साल, महिना आणि चासी क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांत प्रदूषण नियंत्रणाची जादा जोडणी असते, ती आखाती गाडीला उपयोगाची नाही. शिवाय सौदीत स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. डॅशबोर्डामागच्या फांद्या उलट्या बाजूला फुटतात, त्यामुळे एकीचा हार्नेस दुसरीत बसत नाही.

पाचवी वाट सर्वांत जुनी. जुना हार्नेस न कापता अखंड बाहेर काढायचा, फळीवर पसरायचा, खिळे ठोकून त्याच्या फांद्या आखायच्या आणि त्याच मापाने नवा विणायचा. हा कमी प्रतीचा उपाय आहे असं समजू नये. मोठ्या कारखान्यांतही हार्नेस बहुतांशी असाच, फळीवर आणि हातांनीच बनतो. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने अडले, तेव्हा फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूला जर्मनीतल्या काही कारखान्यांतलं उत्पादन थांबवावं लागलं होतं. हे काम पूर्णपणे यंत्रावर सोपवता येत नाही, म्हणून जाणता वायरमन मिळाला तर त्याच्या हातावर विश्वास टाकावा.

माझा कौल चौथ्या किंवा पाचव्या वाटेला. मात्र एका अटीवर: रंग, फांद्यांची मापं आणि मार्ग मूळचेच, तांबं आणि वेष्टण आजचं. साधी पीव्हीसी वायर ऐंशी अंशांपर्यंतची असते, क्रॉसलिंक पॉलिएथिलीनच्या वेष्टणाची वायर सव्वाशे अंश सोसते. समुद्राकाठी त्यातही कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं घ्यावं, बोटींमध्ये वापरतात तसं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त वायरही तांब्याची म्हणून खपवली जाते. तिची परीक्षा सोपी आहे. एक तार ब्लेडने खरवडा. वर तांबडी आणि आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची, परत करा. वर पांढरी आणि आत तांबडी निघाली तर कथिलाचं तांबं, ती घ्या.

‘मग गाडी अस्सल कशी राहिली?’ हा आक्षेप मला मान्य नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाची ट्यूरिन सनद सांगते की नवा भाग मूळ रूपाशी मिळताजुळता असावा, बारकाईने पाहणाऱ्याला मात्र ओळखू यावा, आणि केलेल्या कामाची नोंद राहावी. आपल्याकडेही जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. त्यांची अट चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी आहे. चांगल्या वायरने यातलं काहीच मोडत नाही. मूळ सुती विणीच्या आवरणाचा आग्रह मात्र जिझानमध्ये सोडावा. सूत ओल आणि मीठ धरून ठेवतं. साधी चिकटपट्टीही टाळावी, तिचा डिंक उन्हाने वितळतो. बिनडिंकाची पीव्हीसी पट्टी गुंडाळावी.

दोन भर मी आवर्जून सुचवतो, दोन्ही नजरेआड बसवता येतात. पहिली हेडलाइटचे रिले. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची दीड मीटर वायर टाकली की गळती जेमतेम एक दशांश व्होल्टवर येते आणि जुना स्विच जळायचा थांबतो. दुसरी जास्तीचे फ्यूज. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत अवघे दोन फ्यूज असायचे आणि हेडलाइट त्यांच्याबाहेर. फ्यूज हा वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवावा. डायनॅमो काढून मोठा अल्टरनेटर बसवणार असाल, तर जुन्या अँपिअरमीटरमधून जाणारी लाइनही तपासून घ्या. तिला तेवढा प्रवाह झेपणार नाही. आणि सहा व्होल्टची विलीस जीप असेल तर बारा व्होल्टच्या मापाची वायर कधीच टाकू नका. त्याच वॉटला तिथं दुप्पट प्रवाह लागतो.

हार्नेस म्हणजे अर्धंच सर्किट, उरलेलं अर्धं म्हणजे गाडीची बॉडी. नव्या जाड रंगाखाली अर्थिंगचे बोल्ट झाकले जातात आणि सुंदर रंगवलेल्या गाडीचे दिवे मिणमिणतात. तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थिंग घट्ट बसवा, मग वरून ग्रीस लावा. टोकं सोल्डर न करता योग्य अवजाराने क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा. सोल्डरच्या कडेला वायर ताठ होते आणि धक्क्यांनी तिथंच तुटते. बॅटरी पहिल्यांदा जोडताना अर्थिंगच्या केबलमध्ये २१ वॉटचा एक बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना तो लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि नवा हार्नेस न जळता ते तुम्हाला कळलं.

जिझानचं हे सगळं कोकणाला, मुंबईला जसंच्या तसं लागू आहे. रत्नागिरीच्या अंगणातली ॲम्बेसेडर, गिरगावातली पद्मिनी, मालवणातली महिंद्रची जीप याच खाऱ्या हवेत उभ्या आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता घरोघरी उरलेल्या गाड्याच तेवढ्या राहतील. पुण्याच्या नाना पेठेत आणि कुर्ल्यात यांचे सुटे भाग अजून मिळतात, आणि आराखडा न बघता रंगावरून लाइन सांगणारे वायरमनही अजून आहेत.

म्हणून वाचकांना विनंती. गाडी खोलण्याआधी प्रत्येक टोकाचा फोटो काढा, चिठ्ठी बांधा. जुना हार्नेस नवा चालू होईपर्यंत फेकू नका. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या वायरमनला योग्य मोबदला देऊन हे काम त्याच्याकडून करून घ्या आणि आयटीआयमधून शिकून आलेल्या एखाद्या मुलाला त्याच्या हाताखाली बसवा. रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालतो. वायरिंग आधी करा.