ती खैरात नव्हे



गेल्या अंकातील लेखात इव्हान्स्टनच्या कृष्णवर्णीय रहिवाशांना मिळणाऱ्या भरपाईला ‘खैरात’ म्हटले आहे. हा शब्द मला फार लागला.

शिकागोला लागून असलेल्या या लहान शहरात १९२१च्या झोनिंग (जमीनवापराच्या) नियमांनी आणि पुढे बँकांनी कर्ज नाकारल्याने कृष्णवर्णीय कुटुंबे पश्चिमेकडच्या एका त्रिकोणी वस्तीत रेटली गेली. तिथली फॉस्टर शाळा १९६७मध्ये बंद झाली, तीही वर्णभेद मिटवण्याच्या नावाखाली. परिणामी बसने लांबच्या शाळांत जाण्याचा भार मुख्यतः याच वस्तीतल्या मुलांवर पडला. वस्ती एकत्र बांधून ठेवणारी जागाच गेली. त्यातच कर्जाअभावी अनेक कुटुंबांना घर घेता आले नाही म्हणून मुलांना वारशात द्यायलाही काही उरले नाही. एवढे सगळे लेखात एका ओळीत उरकावे?

२०१९मध्ये रॉबिन रू सिमन्स यांच्या पुढाकाराने नगर परिषदेने गांजाविक्रीच्या करातून एक कोटी डॉलर या भरपाईसाठी राखले. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीय प्रौढांना किंवा त्यांच्या थेट वंशजांना घरासाठी २५ हजार डॉलरपर्यंत मदत ठरली. पहिल्या टप्प्यात चार लाख डॉलर, म्हणजे पूर्ण रक्कम दिल्यास जेमतेम सोळा जण!

या टप्प्यावर नगर परिषदेत मार्च २०२१मध्ये झालेल्या मतदानात विरोधातले एकमेव मत सिसिली फ्लेमिंग या कृष्णवर्णीय सदस्येचे होते. हा नुसता गृहयोजनेचा कार्यक्रम आहे, खरी भरपाई नव्हे, अशी त्यांची हरकत होती. लेखकाने ती नोंदवायलाच हवी होती.

— एक वाचक