विश्लेषण: कम्प्युटरसाठी ऑनलाइन फुकट मदत, खरी कोणती, सापळा कोणता?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. लॅपटॉप नीट चालतोय, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही, अशा असंख्य लोकांसमोर तेव्हापासून एकच प्रश्न आहे: नवीन मशीन घ्यायचं की आहे तेच वापरायचं? याचं उत्तर ऑनलाइन समुदायांमध्ये फुकट मिळतं, तेही जाणकारांकडून. पण तेच शोधताना ‘मोफत हेल्पलाइन’ची पाटी लावून बसलेले भामटेही भेटतात. या दोघांतला फरक कसा ओळखायचा आणि ही फुकट मदत यापुढेही मिळत राहील का, याचा हा आढावा.

विंडोज १० चं नेमकं काय झालं?

जुलै २०१५ मध्ये आलेली विंडोज १० सपोर्ट संपल्यावर बंद पडली नाही. कम्प्युटर पूर्वीसारखाच सुरू होतो, फक्त नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटींवरचे अपडेट आपोआप येत नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे बरीच धडधाकट मशिन मागे राहिली.

मात्र वाटा बंद झालेल्या नाहीत. अनेक मशिनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद केलेलं असतं. ते चालू करता येतं. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय कंपनीने जाहीर केली. त्यासाठी ३० डॉलर भरण्याचा पर्याय आहे, पण मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर हेच अपडेट पैसे न भरताही मिळतात. तिसरी वाट लिनक्सची. जुन्या कम्प्युटरवर लिनक्स टाकून तो वापरात ठेवावा, यासाठी ‘एंड ऑफ १०’ नावाची मोहीमच चालवली गेली.

ही माहिती गुप्त नाही. पण ती सेटिंग्जच्या पानांत आणि तांत्रिक भाषेत दडलेली असते. ‘तुमच्या मॉडेलमध्ये हे बटण इथे आहे’ इतक्या सोप्या पातळीवर ती आणण्याचं काम बहुतेक वेळा स्वयंसेवक करतात.

ही मदत कुठे मिळते? आणि फुकट का?

मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गूगल या कंपन्यांचे स्वतःचे चर्चा-मंच आहेत. रेडिटवर ‘टेकसपोर्ट’सारखे गट आहेत. साध्या कम्प्युटर-प्रश्नांसाठी ‘सुपर युजर’, उबुंटू लिनक्ससाठी ‘आस्क उबुंटू’ आणि प्रोग्रामिंगसाठी २००८ मध्ये सुरू झालेलं ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ प्रसिद्ध आहे. कंपन्यांच्या मंचांवरही उत्तरं देणारे बरेच जण पगारी कर्मचारी नसतात.

मग ते वेळ का देतात? काहींना कोडी सोडवायला आवडतात, काहींना त्यातून नाव मिळतं, काही जण पूर्वी मिळालेल्या मदतीची परतफेड करतात. शिवाय उत्तर एकदा सर्वांसमोर लिहिलं की ते तिथेच राहतं. तीच अडचण पुढे कुणाला आली, तर त्याला प्रश्न विचारण्याचीही गरज पडत नाही, नुसतं शोधलं तरी पुरतं.

संकटात ही व्यवस्था खरंच उपयोगी पडते का?

त्याचं मोठं उदाहरण म्हणजे १९ जुलै २०२४. सायबर सुरक्षा कंपनी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातल्या विंडोज कम्प्युटरवर निळा स्क्रीन आला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशिन त्यात अडकली. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

त्या दिवशी रेडिटवर जगभरचे सिस्टिम ॲडमिन एकमेकांना तोडगा सांगत होते: मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जा, ‘२९१’ क्रमांकाची ती विशिष्ट फाइल डिलीट करा, पुन्हा सुरू करा. ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधा. एखादी पायरी कुठे चालत नसेल, तर खाली लगेच कुणीतरी तसं लिहीत होतं.

त्याच वेळी दुसरीकडे ठगही कामाला लागले होते. क्राउडस्ट्राइकच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन बनावट वेबसाइट उघडल्या गेल्या आणि ‘दुरुस्ती’च्या नावाखाली व्हायरस असलेल्या फाइल वाटल्या गेल्या. खुद्द कंपनीला त्याबद्दल सावध करावं लागलं.

फसवणूक नेमकी कुठून शिरते?

पद्धत ठरलेली आहे. ब्राउजरमध्ये अचानक मोठा इशारा येतो, ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’, आणि खाली फोन नंबर. किंवा सर्चमध्ये कंपनीच्या कस्टमर केअरच्या नावाने बनावट नंबर सापडतो. फोन केला की गोड आवाजातली व्यक्ती ॲनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप टाकायला सांगते. ही ॲप मुळात वैध आहेत, पण त्यांतून कम्प्युटरचा ताबा समोरच्याकडे जातो. मग तो विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतो. अशा नोंदी कुठल्याही निरोगी कम्प्युटरमध्ये असतातच. पण घाबरलेल्या माणसाला ते ठाऊक नसतं आणि तो पैसे भरतो.

हा धंदा किरकोळ नाही. टेक सपोर्टच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीत २०२४ मध्ये सुमारे १४६ कोटी डॉलर गेल्याची नोंद अमेरिकेच्या एफबीआयकडे आहे. त्याचे धागे भारतापर्यंत येतात. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींनंतर सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. कंपनीचे सपोर्ट कर्मचारी असल्याचं भासवून परदेशी ग्राहकांना लुबाडणारी कॉल सेंटर त्या कारवाईचं एक लक्ष्य होती.

मग खरी मदत कशी ओळखायची?

सर्वांत सोपी कसोटी एकच: मदत उघड्यावर होतेय की आडोशाला?

खऱ्या समुदायात प्रश्नही सर्वांसमोर असतो आणि उत्तरही. चुकीचं किंवा खोडसाळ उत्तर आलं, तर दुसरा कुणीतरी ते पाहतो आणि हटकतो. ‘कम्प्युटर फास्ट करायचा असेल तर सिस्टिम ३२ फोल्डर डिलीट करा’ हा इंटरनेटवरचा जुना, घातक विनोद आहे. तसं केलं तर विंडोजच कोसळते. चालत्या समुदायात असा सल्ला फार काळ टिकत नाही. भामट्याला मात्र साक्षीदार नको असतात. म्हणून तो ‘व्हॉट्सॲपवर या’, ‘नंबर द्या’, ‘स्क्रीन शेअर करा’ असं म्हणून माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. तिथेच थांबायला हवं.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

अर्थात, उघड्यावरचं उत्तर बरोबरच असेल असं नाही. पाच वर्षांपूर्वीचं उत्तर आजच्या आवृत्तीला लागू पडेलच असंही नाही. म्हणून तारीख पाहणं, खालच्या प्रतिक्रिया वाचणं आणि काहीही बदलण्याआधी फोटो, कागदपत्रांचा बॅकअप घेणं गरजेचं आहे.

एआय असताना समुदाय कशाला हवेत?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि अनेकांची सवय बदलली. एआय रागावत नाही, ‘आधी शोधून बघा’ म्हणत नाही, मराठीतही उत्तर देतं. नवख्यांना तुसडेपणाने वागवल्याची तक्रार असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर नव्या प्रश्नांची संख्या आधीच उतरत होती, ती त्यानंतर झपाट्याने घसरली.

पण एआयला ही उत्तरं आली कुठून? बऱ्याच अंशी याच समुदायांतून. स्टॅक ओव्हरफ्लोने मे २०२४ मध्ये ओपनएआयशी करार जाहीर केला, तेव्हा काही नाराज सदस्यांनी आपली जुनी उत्तरं खोडायला सुरुवात केली आणि त्यांची खाती तात्पुरती बंद केली गेली. त्याच महिन्यात गूगलच्या एआयने पिझ्झ्यावर चीज टिकावं म्हणून गोंद लावायचा सल्ला दिला. त्याचं मूळ रेडिटवरच्या सुमारे ११ वर्षांपूर्वीच्या एका थट्टेत निघालं. रेडिटवर वाचणाऱ्याला ती थट्टा कळते, कारण आजूबाजूचं बोलणं दिसतं. एआयच्या उत्तरात ते आजूबाजूचं सगळं गळून पडतं.

मोठा धोका पुढचा आहे. एआयशी झालेला संवाद खासगी असतो. अडचण सुटली तरी तिची नोंद दुसऱ्या कुणाला सापडत नाही. उद्या नव्या अपडेटने नवा घोळ घातला, तर त्याचं उत्तर आधी कुठल्या तरी माणसालाच शोधावं लागेल आणि कुठेतरी उघड्यावर लिहावं लागेल. ती जागाच ओस पडली तर एआयलाही ते कळणार नाही.

मदत मागताना काय करावं?

मॉडेलचं नाव, विंडोजची आवृत्ती, एररचे जसेच्या तसे शब्द आणि अडचण येण्याआधी काय बदललं होतं, हे लिहिलं तर उत्तर लवकर मिळतं. ‘लॅपटॉप चालत नाही, अर्जंट’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. मोठ्या समुदायांचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, पण ते फर्डं असण्याची गरज नाही. मराठीत लिहून मशीन-भाषांतर केलेला नेमका प्रश्नही चालतो. स्क्रीनशॉट टाकताना ईमेल, प्रॉडक्ट की आणि रिकव्हरी की झाकायला हवी. ओटीपी तर कुणालाच द्यायचा नसतो.

फसवणूक झालीच, तर आधी इंटरनेट तोडावं, बँकेला कळवावं आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते.

आणि अडचण सुटली, तर नेमकं कशाने सुटली हे त्याच प्रश्नाखाली दोन ओळींत लिहावं. अनेक जण काम झालं की गायब होतात आणि तीच अडचण घेऊन आलेल्या पुढच्या माणसाला अर्धवट प्रश्न तेवढा सापडतो. फुकट मदतीची फी कुणी मागत नाही. दिलीच, तर ती या दोन ओळींची असते.