‘मारणारेही मुसलमान, मरणारेही मुसलमान’ : सुदानचं उत्तर मुलांना कोण देणार?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या पोरांनी तरावीहनंतर मशिदीबाहेर टेबल लावलं होतं आणि त्यावर दोन डबे ठेवले होते. एकावर ‘गाझातल्या मुलांसाठी’, दुसऱ्यावर ‘सुदानमधल्या मुलांसाठी’. गाझाचा डबा रोज भरायचा. सुदानच्या डब्यात चिल्लर. माझा नववीतला भाचा त्या दुसऱ्या डब्याजवळ उभा असायचा. चौथ्या रात्री घरी आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "मामू, लोक विचारतात तिथं काय चाललंय. गाझाचं सांगायला एक वाक्य पुरतं. सुदानचं काय सांगू? मारणारेही मुसलमान, मरणारेही मुसलमान."

त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांना देता येणार नाही. जुम्म्याच्या दुआत सुदानचं नाव क्वचित येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर त्याहून कमी. २०२३ मध्ये ऑपरेशन कावेरीतून ३,८०० च्या वर लोक सुखरूप भारतात परतले आणि आपल्याकडची सुदानची बातमी तिथंच संपली. युद्ध मात्र संपलं नाही.

ते सुरू झालं १५ एप्रिल २०२३ ला, तेही रमजानमध्येच. एका बाजूला जनरल अब्दुल फत्ताह अल-बुरहान यांचं लष्कर, दुसऱ्या बाजूला ‘हमेदती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोहम्मद हमदान दगालो यांचं निमलष्करी दल, म्हणजे आरएसएफ. सव्वा कोटीच्या आसपास लोकांना घर सोडावं लागलं आणि त्यातली निम्मी मुलं आहेत. युनिसेफच्या मते मुलांचं एवढं मोठं विस्थापन आज जगात दुसरीकडे कुठंही नाही. दीड कोटीहून जास्त मुलांची शाळा सुटली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएसएफने अल-फाशर शहर घेतलं, तेव्हा रुग्णालयातले रुग्णसुद्धा वाचले नाहीत.

आता भाच्याचा सवाल. त्याला दोन सोपी उत्तरं तयार मिळतात आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिलं : ‘सगळं इंग्रजांनी केलं.’ दुसरं : ‘या जमाती पूर्वीपासूनच एकमेकांशी लढत आल्या आहेत.’ पहिल्या उत्तरानं आजचे जनरल मोकळे सुटतात. दुसऱ्यानं इंग्रज तर सुटतातच, शिवाय मेलेल्या मुलांचं दुःखही आपल्याला फारसं होत नाही. ‘त्यांचं असंच चालतं’ म्हटलं की मन मोकळं!

मग नेमकं झालं काय? २ सप्टेंबर १८९८ ला ओमदुरमानजवळ किचनरच्या फौजेने मॅक्झिम तोफांनी एका सकाळीत दहा हजारांच्या वर सुदानी माणसं मारली. त्याच्या बाजूची मेली पन्नासच्या आसपास. पुढच्या वर्षी कागदावर इंग्लंड आणि इजिप्तचं संयुक्त राज्य आलं, प्रत्यक्षात इंग्रजांचं. पण दारफूर त्यात नव्हतं. तिथं सुलतान अली दीनार यांची सल्तनत होती. हज करून आलेल्यांना मदीनेजवळचं अब्यार अली माहीत असेल. हे नाव या अली दीनारवरून पडलं असा मेसेज अधूनमधून फिरतो. ते खरं नाही, नाव कितीतरी शतकं जुनं आहे. पण या सुलतानाचे नजराणे हरमैनला जायचे हे मात्र खरं. पहिल्या महायुद्धात त्याने उस्मानी खलिफाची बाजू घेतली. १९१६ मध्ये इंग्रजांनी फौज आणि विमानंही पाठवली, सुलतान मारला गेला आणि दारफूर सुदानला जोडलं गेलं.

जोडलं, पण वाढवलं नाही. इथंच खरी गोम आहे. इंग्रजांना सुदानमधून हवा होता कापूस, लँकेशायरच्या गिरण्यांसाठी. म्हणून निळ्या नाईलवर सेनार धरण बांधलं आणि १९२५ मध्ये जझीरा योजना सुरू केली. दोन नद्यांमधली लाखो एकर जमीन कालव्यांखाली आली. रेल्वे, बंदर, गॉर्डन कॉलेज, नोकऱ्या, जे काही झालं ते खार्टूम आणि त्याच्या आजूबाजूला. दारफूरला काय मिळालं? १९३० च्या दशकात त्या अख्ख्या मुलखात, जो आकाराने जवळपास फ्रान्सएवढा आहे, सरकारी शाळा एका हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या. हा केवळ विसरभोळेपणा नव्हता. १९२४ मध्ये शिकलेल्या सुदानी अधिकाऱ्यांनी आणि कॅडेटांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तेव्हापासून साहेबाला शिकलेला सुदानी नकोसा झाला. जमातीचा प्रमुख बरा : तो कर गोळा करतो, भांडणं मिटवतो, सवाल विचारत नाही. शाळा हवीच असेल तर प्रमुखाच्या मुलापुरती.

त्याच वेळी प्रत्येक जमातीचा ‘दार’, म्हणजे मुलूख, कागदावर पक्का केला गेला. सल्तनतीतही जमिनीचे हक्क होते, पण त्यांना लवचीकता होती. आता रेघा ठरल्या. उत्तरेकडच्या उंटवाल्या अरब टोळ्या वर्षभर फिरत्या, त्यांच्या वाट्याला स्वतःचा दार आलाच नाही. पाऊस चांगला असेपर्यंत हे निभावून गेलं. शेतकऱ्याचं पीक निघालं की उंटवाला त्याच शेतात उंट चारायचा, खत मिळायचं, दोघांचं भागायचं. १९८४-८५ च्या भीषण दुष्काळानंतर कुरणं आटली आणि ज्याच्याकडे जमीन नाही तो ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात उभा राहिला. त्यात चाड आणि लिबियाकडून बंदुका आल्या.

इंग्रज केव्हाच गेले होते, १ जानेवारी १९५६ ला. जाताना त्यांनी सत्ता दिली ती खार्टूमच्या शिकलेल्या मंडळींना, म्हणजे नाईलकाठच्या लोकांना. आणि या मंडळींनी काय केलं? साहेबाची खुर्ची घेतली आणि साहेबाचंच काम पुढे चालवलं. दक्षिणेला इंग्रजांनी १९२२ च्या कायद्याने उत्तरेपासून तोडून ठेवलं होतं. स्वतंत्र सुदानच्या राज्यकर्त्यांनी तिला बरोबरीने घेतलं नाही. दोन लांबलचक यादवी युद्धांनंतर २०११ मध्ये ती वेगळी झाली. दारफूरने २००३ मध्ये हत्यार उचललं, तेव्हा उमर अल-बशीर यांच्या सरकारने लष्करापेक्षा स्वस्त उपाय शोधला : जमीन नसलेल्या उंटवाल्या टोळ्यांतल्या तरुणांना बंदुका आणि लुटीची मोकळीक. त्यांना लोक ‘जंजावीद’ म्हणू लागले. फूर, मसालित, झगावा या जमातींची गावंच्या गावं जाळली गेली. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सुमारे तीन लाख मृत्यूंचा आहे. मरणारे जवळजवळ सगळे कलमा पढणारेच होते, पण त्यांना ‘काळे’ म्हणून मारलं गेलं. ही वंशाची भाषा आपणही ऐकून घेतली पाहिजे. उम्मतमध्ये रंगभेद नाही असं आपण मिंबरवरून सांगतो. दारफूरच्या आईला ते सांगून बघा.

२०१३ मध्ये याच टोळ्यांना गणवेश मिळाला आणि आरएसएफ तयार झालं. २०१९ मध्ये तरुणांच्या आंदोलनाने बशीर गेले. २०२१ मध्ये बुरहान आणि हमेदती दोघांनी मिळून नागरी सरकार उलथवलं. मग दोघांत वाटणीवरून फिसकटलं. मुलूख दाबण्यासाठी राजधानीने जी टोळी पोसली, ती एके दिवशी राजधानीतच घुसली.

तर भाच्यासाठी वाक्य असं : इंग्रजांनी असा देश बांधला ज्यात मधला भाग खाणार आणि कडेचा उपाशी राहणार. नंतरच्या सुदानी राज्यकर्त्यांनी तो मोडायच्या ऐवजी चालवला, आणि आज दोन जनरल त्याच्या मालकीवरून लढताहेत. वाक्य लांब आहे. डब्यावर चिकटवता येणार नाही, पण विचारणाऱ्याला सांगता येईल.

आणखी एक, जे आपल्याला टोचेल. सुदानचं सोनं मोठ्या प्रमाणात दुबईच्या बाजारात जातं. अमिरातींकडून आरएसएफला हत्यारं मिळतात, असा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालातही आला आहे. अमिराती तो नाकारतात. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते, म्हणून या विषयावर आपण गप्प बसतो. मजबुरी समजते. पण मुलांना इतिहास शिकवायचा तर सोयीचा तेवढाच शिकवून चालणार नाही.

आता वळूया पुण्याकडे, कारण सुदान आपल्यापासून वाटतं तितकं लांब नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत, ती घुमटाची, तिचं नाव ‘सुदान ब्लॉक’. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी इटलीच्या फौजेला सुदानच्या सीमेवरून हटवलं, म्हणून १९४१ मध्ये सुदान सरकारने एक लाख पौंड भेट दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि त्यातून ही इमारत उभी राहिली. १९५९ मध्ये तिचं उद्‌घाटन झालं. पण तेव्हाचं ‘सुदान सरकार’ म्हणजे कोण? इंग्रजच. ज्या खजिन्यातून दारफूरला शाळा मिळाल्या नाहीत, त्याच खजिन्यातले हे पैसे. आणि भारतीय सैनिक सुदानमध्ये पहिल्यांदा गेले तेही नव्हतं. १८८५ मध्ये सुआकिनला महदींच्या माणसांविरुद्ध लढायला इंग्रजांनी हिंदी पलटणी नेल्या होत्या, त्यात २८ वी बॉम्बे पलटणही होती. म्हणजे सुदानला गुलाम करण्याच्या लढाईत आपल्याही मुलखाची माणसं होती, पगारासाठी, दुसऱ्याच्या हुकमावर. चांगलीही आठवण आहे : १९५३ ची सुदानची पहिली निवडणूक भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी पार पाडून दिली.

पुण्यात वर्षानुवर्षं सुदानी विद्यार्थी शिकायला येतात. कोंढव्यात, कॅम्पात आपण त्यांना पाहिलंय. भाडेकरू म्हणून ठेवताना नाक मुरडलंय, हेही कबूल करू. युद्ध सुरू झालं, खार्टूममधल्या बँका लुटल्या गेल्या आणि घरून येणारे पैसे थांबले. आमच्या पोरांनी ईदनंतर त्यांच्यातल्याच एकाला बोलावलं. भाषण नको, फक्त नकाशा घेऊन बस, असं सांगितलं. त्याने मुलांना एक शब्द सांगितला : तकाया. मोहल्ल्यातले तरुण मोठ्या पातेल्यात डाळ किंवा लापशी शिजवतात आणि जो येईल त्याला वाढतात. एकवचन ‘तकिया’. मुलं हसली, कारण आपल्याकडच्या गावागावांत फकिराचा तकिया असतोच. शब्द एकच, तिथं तो आता भुकेल्या मुलांचं स्वयंपाकघर झालाय. ही स्वयंपाकघरं चालवणाऱ्यांत ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ नावाचे स्थानिक तरुणांचे गट मोठ्या संख्येने आहेत. त्यांना २०२५ चा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेने मदत थांबवल्यावर यातली बरीचशी स्वयंपाकघरं बंद पडली. म्हणजे आपल्या डब्यातल्या चिल्लरचा हिशेब इथं लागतो.

पैसे पाठवण्याबद्दल मात्र सावध राहा. कुणाच्या खासगी नंबरवर यूपीआय करू नका. परदेशात मदत पाठवणं कायद्याच्या चौकटीतलं काम आहे. नोंदणीकृत संस्था, पावती, पॅन, सगळं बघा. ट्रस्टच्या नावाने पाठवायचं असेल तर आधी सीएला विचारा. जकातीचा मसला तुमच्या आलिमांना विचारा. आणि इथंच अडकलेल्या सुदानी विद्यार्थ्याची परीक्षा फी भरायला तर परदेशात काही पाठवावंच लागत नाही. दारफूरच्या मुलाला पुढे डॉक्टर आणि शिक्षक लागतील, ते कदाचित याच शहरात शिकताहेत.

आमच्या मुलांनी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसायचं ठरवलंय. आधी तासभर इतिहास, मग डब्याचा हिशेब. पुढच्या रविवारी विषय आहे अली कुशैब, जंजावीदचा म्होरक्या. २००३-०४ च्या गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरवलं, म्हणजे अल-फाशर पडलं त्याच महिन्यात. भाच्याने वहीत पुढचा सवाल आधीच लिहून ठेवलाय : "एवढी वीस वर्षं का लागली?"