समीकरण पाठ नको, हिशेब शिकवा

आपल्या हिवरे बाजारात पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक घ्यायचं. गावातल्या पोराठोरांनाही हे समजतं. मग दहावीत मिथेनचं समीकरण घोकून का पाठ करायचं? तोही ताळेबंदच आहे की!

गोबरगॅसमधला मिथेन घ्या. १६ ग्रॅम मिथेन पूर्ण जळायला ६४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तयार होतो ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ३६ ग्रॅम पाणी. दोन्हीकडे ८०. सिलिंडरमधल्या ब्युटेनला तर याहून जास्त हवा लागते: २ रेणूंना ऑक्सिजनचे १३.

आता बंद बाथरूममधला गॅस गीझर आठवा. ऑक्सिजन कमी पडला तरी अणूंचा हिशेब जुळतोच, फक्त उजवीकडे कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला ना रंग, ना वास. अशा मृत्यूंच्या बातम्या आम्ही पत्रकार थंडीत छापत राहतो.

म्हणून गुरुजींना विनंती आहे. समीकरण संतुलित करून घ्याच, पण पुढचा प्रश्नही विचारा: "ऑक्सिजन कमी पडला तर काय होईल?" मार्कांपेक्षा जीव मोठा. पटतंय का बघा.