प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ कशाला?

पावसाळा सुरू झाला की बाळकुमच्या दवाखान्यात एक मागणी हमखास होते : “डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी लिहून द्या ना.” माझे मत स्पष्ट आहे. असे औषध मागू नका.

कारण समजून घ्या. आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. विषाणू शरीरात शिरला म्हणून त्या लगेच तुटून पडत नाहीत. आधी दुसऱ्या एका पेशीने त्यांना विषाणूचा तुकडा दाखवावा लागतो. मग तिच्याकडूनच ‘धोका खरा आहे’ असा दुजोरा लागतो. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, तसेच हे. त्यानंतर सायटोकाइन नावाची रसायने पुढचे काम ठरवतात : बाधित पेशी मारायच्या, इतर पेशींना मदत करायची, की लढाई थांबवायची. लढाई थांबवणाऱ्या टी-पेशींवरील संशोधनालाच २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे ब्रेकही तितकाच महत्त्वाचा!

२०२० साली बाळकुम-साकेतला मोठे कोविड रुग्णालय उभे राहिले, ते तुम्हाला आठवत असेल. गंभीर कोविडमध्ये फुप्फुसांचे नुकसान फक्त विषाणू करत नव्हता, ही रसायने अनावर झाल्यामुळेही ते होत होते. म्हणूनच ऑक्सिजनवरील रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी झाले. हे स्टेरॉइड प्रतिकारशक्ती वाढवत नाही, दाबते. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून तेही मनाने घ्यायचे औषध नव्हे.

त्याच काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू होते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. वाद बाजूला ठेवला, तरी ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ असे गृहीत धरणे बरोबर नाही.

संधिवात, सोरायसिस, ल्युपस किंवा स्वप्रतिकारक थायरॉइडचा आजार असेल, तर तुमची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती स्वतःच्याच शरीरावर चालून आलेली असते. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना तर ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. अशांनी ‘इम्युनिटी बूस्टर’ विचारल्याशिवाय घेऊ नये. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर घेत असलेले काढे-चूर्ण थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मात्र डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका.

मग काय करायचे? लस वेळेवर घ्या. ती टी-पेशींना नेमका तुकडा नेमक्या इशाऱ्यासह दाखवते. साखर आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा, पुरेशी झोप घ्या. बाटलीवर पैसे खर्च करण्याआधी घरातल्या ज्येष्ठांची फ्लूची लस झाली आहे का, ते बघा.