खलाशी झाला म्हणून खलाशीच राहायचा काय?



गेल्या महिन्यात आमच्या हरणीतल्या एक काकू मुदतठेवीची पावती घेऊन माझ्या काऊंटरवर आल्या. "मोडून द्या भाऊ, मुलाला बोटीवर लावायचे आहे. एजंटाला परवापर्यंत रोख द्यायची आहे." मी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले. एजंटाकडे परवान्याचा क्रमांक मागितल्यावर त्याने फोन उचलणेच बंद केले. ठेव वाचली. पण न विचारता ज्यांनी पैसे दिले, त्यांचे काय?

कायदा स्पष्ट आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. सागरी कामगार करार, २००६ भारताने २०१५ साली मान्य केला. त्यानुसार पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि सीडीसी एवढाच खर्च उमेदवाराचा. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि त्यांची यादी कोणालाही पाहता येते. हे दोन मिनिटांचे काम आहे. ते कोणी सांगत नाही, म्हणून एजंटांचे फावते.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडे समजूत अशी, की दहावीनंतर सहा महिन्यांचे जीपी रेटिंग करून बोटीवर गेलेला मुलगा जन्मभर डेक घासणार. साफ चूक! आधी पहाऱ्याचे प्रमाणपत्र, मग एबी, मग बोसन, अशी चढण आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांनुसार साधारण ३६ महिन्यांची समुद्रसेवा, ठरलेले अभ्यासक्रम आणि परीक्षा यांतून खलाशालाही अधिकारी होता येते. पुढे फर्स्ट मेट, मास्टर.

मग चढतात किती? करार संपून मुलगा घरी आला की पगार बंद. नेमक्या त्याच दिवसांत मुंबईत राहून, फी भरून, इंग्रजीतून अभ्यास करायचा. घरच्यांना वाटते, लवकर पुढच्या बोटीवर जावे आणि पैसे पाठवावेत. अशा रीतीने वाट उघडी असूनही बंद होते.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. भारतीय मुलांना अधिकारी करणारे 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज १९२७ साली सुरू झाले. जहाजावर हुकूम देण्याचा हक्क आपल्या लोकांनी असा भांडून मिळवला. आणि आज आपण आपल्याच पोरांना सांगतो, "आपल्याला जमायचे नाही!"

देशातल्या राज्यांत सर्वांत लांब किनारा गुजरातला. निवडणुका आल्या की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या गणेशोत्सवात आरतीला उभे राहतात. त्यांना प्रसादाबरोबर एक प्रश्नही द्या : बोगस एजंटांवर गुन्हे नोंदवायला तुम्ही पोलिसांकडे येणार का? उत्तर लेखी घ्या.

आणि मंडळानेही हात झटकू नयेत. हॉलचे रंगकाम एक वर्ष पुढे ढकला. त्या पैशांतून परीक्षेला बसणाऱ्या खलाशी मुलांसाठी बिनव्याजी फिरता निधी सुरू करा. हिशेब मी ठेवतो, फुकट. निवृत्त दर्यावर्दी सभासदांनी महिन्यातून एक रविवार मुलांना द्यावा.

रेटिंग केले की नोकरी मिळेलच, असे मी म्हणत नाही. प्रवेशाआधी संस्थेला विचारा, मागच्या तुकडीतले किती बोटीवर गेले. पण जो गेला, त्याला वर चढवणे आपल्या हातात आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. विरोध असेल त्याने उभे राहून करावा.

आपला,
हरणीचा एक सभासद